शहराचे दर्शन आणि दर्शनाचा खंड

(अभ्यासवर्गातील भाषणाचा पाठ)



गेटवे ऑफ इंडियाच्या आवारात गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत छपाईचे छोटे यंत्र घेऊन उभा असलेला छायाचित्रकार मुंबई पाहून आलेल्या बहुतेकांना आठवत असेल. मागे गेटवेची कमान किंवा ताजमहाल हॉटेलचा घुमट, पुढे लातूरहून नाहीतर साताऱ्याहून आलेले कुटुंब, आणि काही मिनिटांत हातात छापील प्रत. त्या प्रतीचे दाम कशाचे, हे कोणालाही कळते. ते कागदाचे, हातच्या कसबाचे आणि दिवसभर उन्हात उभे राहण्याचे. मागच्या घुमटाचे दाम त्यात धरलेले नसते. ते धरावे असे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या मनातही आले नव्हते.

२०१७ साली १९०३ मधील त्या हॉटेलच्या बाह्य रूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. इमारतीच्या रूपाला अशी नोंदणी मिळण्याची भारतातील ही पहिलीच वेळ. पर्यटकाने हौसेने काढलेल्या छायाचित्राला तिची बाधा नाही. हरकत आहे ती परवानगीवाचून त्या रूपाचा व्यापारात उपयोग करण्याला. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नसेल. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जमिनीच्या खंडाचा जुना प्रश्न दिसल्याशिवाय राहत नाही. भूखंडाची किंमत वाढते ती शेजारी रस्ता आला, बाजार आला, माणसे आली म्हणून. वाढीव दाम मात्र मालकाच्या खिशात जाते. इमारतीच्या रूपाचेही तसेच. तिच्या भोवतीचा समुद्र, बंदर, शतकभराची वर्दळ आणि लोकांच्या आठवणी वजा केल्या तर त्या रूपाचे व्यापारी मोल कितीसे उरेल?

सुदैवाने आपला प्रताधिकार कायदा याबाबतीत उदार आहे. १९५७ च्या कायद्यातील ५२ व्या कलमानुसार स्थापत्यकृतीचे छायाचित्र काढणे अथवा प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. पोट भरण्यासाठी ते काढले म्हणून ही सवलत हिरावली जात नाही. प्रजासत्ताकाची जननी म्हणवणाऱ्या फ्रान्समध्ये २०१६ साली अशी सवलत मिळाली ती केवळ व्यक्तींना, आणि व्यापारी उपयोग वगळून. आयफेल मनोऱ्याचे दिवसाचे छायाचित्र कोणीही विकावे; रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जात असल्याने तिचे छायाचित्र विकायचे तर परवानगी घ्यावी लागते. सूर्य मावळला की मालकी उगवते, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे.

दृश्य सर्वांचे असले तरी छायाचित्र मात्र कोणाच्या तरी श्रमातून निर्माण होते, हे विसरून चालणार नाही. इमारतींचे छायाचित्रण हा कष्टाचा व्यवसाय आहे. दर्शनी भागावर योग्य तिरपा प्रकाश पडण्याची घटका दिवसातून एखादीच, तीही मोटारी आणि तारा आड आल्या नाहीत तर. या श्रमाचा मोबदला मिळण्याची रीत म्हणजे वापराचा परवाना. छायाचित्रकार चित्र विकून टाकत नाही. अमुक वर्षे, अमुक कामासाठी, अमुक प्रदेशात वापरण्याची मुभा देतो. वास्तुशिल्पकाराने एक परवाना घ्यावा, त्याच इमारतीला फरशी पुरवणाऱ्या कारखानदाराने दुसरा, मासिकाने तिसरा. अशा लहान लहान रकमांवर त्याचा संसार चालतो.

आणि येथेच आपला कायदा त्याचा घात करतो. १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि विरुद्ध करार झालेला नसला, तर प्रताधिकाराचा पहिला मालक काढवून घेणारा ठरतो. हा नियम इंग्रजी अमदानीतून आला. खुद्द ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने तो मोडीत काढला. आपण तो जपून ठेवला आहे. एका दिवसाची मजुरी देणारा बिल्डर मग तेच चित्र जाहिरातीत, बँकेच्या माहितीपत्रकात, परदेशातील प्रदर्शनात वर्षानुवर्षे वापरतो आणि छायाचित्रकार ते रस्त्यावरील फलकावर पाहतो.

जो असा मालकासाठी न राबता स्वतंत्रपणे चित्रे काढतो, त्याला दलाल गाठतो. चित्रांचा जागतिक बाजार आज मोजक्या संस्थांच्या हाती आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या गेटी इमेजेसने २००६ साली आयस्टॉकफोटो ही स्वस्त चित्रांची पेढी ५ कोटी डॉलरना विकत घेतली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गेटी व शटरस्टॉक या दोन बड्या संस्थांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. आयस्टॉकवर, केवळ त्याच पेढीशी बांधून न घेतलेल्या छायाचित्रकाराचा वाटा शंभरातील १५ इतका ठेवलेला होता. उसाच्या किंवा दुधाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्यांना हे गणित निराळे समजावून सांगायला नको.

काही मित्र म्हणतात, परवाना ही कल्पनाच भांडवलशाहीची. चित्रे लोकांना मुक्तपणे देऊन टाकावीत. हा विचार उदात्त आहे, पण अमेरिकेत तो आचरणात आणणाऱ्या बाईंची कथा ऐकण्यासारखी आहे. कॅरल हायस्मिथ यांनी आयुष्यभर अमेरिकेतील इमारती, रस्ते, गावे टिपली आणि हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन जनतेच्या वापरासाठी खुली केली. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांच्याच संस्थेला एक पत्र आले. संस्थेने अमुक छायाचित्र विनापरवाना वापरले आहे, तरी १२० डॉलर भरावेत, अशी मागणी एका चित्रसंस्थेच्या वतीने केलेली होती. छायाचित्र हायस्मिथबाईंनीच काढलेले होते! शोध घेता त्यांची १८,७५५ छायाचित्रे गेटीच्या विक्रीत आढळल्याचे त्यांनी २०१६ साली न्यायालयात मांडले आणि १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मागितली. जे सार्वजनिक झाले ते विकण्यास कायद्याची आडकाठी नाही, अशी गेटीची भूमिका होती. न्यायालयाने प्रताधिकाराच्या आधारे केलेला दावा त्याच वर्षी काढून टाकला. उरलेला तंटा आपसांत मिटला.

गायरानाला कुंपण नसले की ते प्रथम गावगुंडाच्या घशात जाते, हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. जे चित्र लोकांना द्यायचे तेही अटीवर द्यावे लागते. कर्त्याचे नाव राहावे आणि त्यावरून घडवलेली नवी कृतीही तशीच खुली राहावी, असे परवाने आज उपलब्ध आहेत. त्यांनाही आधार प्रताधिकाराचाच आहे.

२०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. चित्रपटांतील गीतकार-संगीतकार संघटितपणे लढले, संसदेत त्यांचा आवाज पोचला, आणि त्यांच्या हक्कांना संरक्षण मिळाले. छायाचित्रांच्या वाट्याला काय आले? प्रताधिकाराची मुदत वाढली. पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे होती, ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे झाली. बिल्डरसाठी काढलेल्या चित्राची मालकी मात्र होती तेथेच राहिली. म्हणजे हक्क दीर्घायुषी झाला, तोही बिल्डरच्या घरी.

१७ वे कलम बदलण्याची मागणी लावून धरली पाहिजे, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. कराराने मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा त्याच कलमात आहे. पुढे हक्क कोणाला द्यायचा झालाच, तर १९ व्या कलमाप्रमाणे तो लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, असे धरले जाते. एवढ्या गोष्टी नमूद करणारा एका पानाचा मराठी करारनामा छापून गावोगावच्या स्टुडिओंत आणि गेटवेवरच्या त्या मंडळींपर्यंत पोचवणे, हे काम कोणतीही तालुका शाखा येत्या महिन्यात सुरू करू शकते.