प्रवासात कार्डाची राखण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेले भाषण)



पूर्वी यात्रेला निघालेला माणूस पैसे कनवटीला बांधून ठेवी. आज ती जागा कार्डाने घेतली आहे. सोय मोठी आहे. तथापि कनवटीचा पैसा गेला तर तेवढाच जाई; कार्डाचा तपशील परक्याच्या हाती लागला, तर कार्ड खिशात असतानाही रक्कम जाऊ शकते.

निघण्यापूर्वी

फसवणुकीची सुरुवात बहुधा घरीच, खोलीचे आरक्षण करताना होते. केदारनाथ व चारधाम यात्रेची हॉटेले, केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, सोमनाथचे अतिथिगृह यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून भाविकांना लुबाडले जात असल्याचा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. आयुष्यभराच्या बचतीतून यात्रेला निघालेली वृद्ध माणसे अशा जाळ्यात सहज सापडतात. म्हणून शोधात प्रथम दिसलेल्या जाहिरातीवर विसंबू नये. देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षण करावे.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये कार्डधारकांना एक उपयुक्त अधिकार दिला. परदेशातील, ऑनलाइन व स्पर्शविरहित व्यवहार स्वतःच सुरू वा बंद करण्याची आणि खर्चाची मर्यादा ठरविण्याची सोय बँकांनी द्यावी, असा तो आदेश होता. अनेक परदेशी विक्रेते ओटीपी न मागताच रक्कम घेतात. सबब परदेशी जाणे नसेल तर तो व्यवहार बंदच ठेवावा. दोन कार्डे असल्यास ती एकाच पाकिटात नसावीत. बँकेचा तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्यावा. मोबाइलही त्याच पाकिटाबरोबर हरवू शकतो.

हॉटेलमध्ये

खोली देताना अनेक हॉटेले अंदाजे बिलाइतकी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. ही फसवणूक नव्हे; हिशेब पुरा झाल्यावर ती काही दिवसांत मोकळी होते. मात्र डेबिट कार्ड दिल्यास अडकते ती स्वतःच्या खात्यातील रक्कम. तेव्हा किती रक्कम अडकवली, हे स्वागतकक्षात विचारून घ्यावे.

बिल देताना कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. वेटरला यंत्र टेबलाशी आणण्यास सांगावे अथवा स्वतः गल्ल्यापर्यंत जावे. पिन सांगू नये. स्वतः हात आडवा धरून दाबावा.

आणखी एक युक्ती सर्वत्र आढळते. रात्री खोलीतील फोन वाजतो. “स्वागतकक्षातून बोलतो, संगणक बिघडला आहे, कार्डाचा क्रमांक पुन्हा सांगा,” अशी विनंती होते. झोपेत असलेला प्रवासी क्रमांक सांगून मोकळा होतो. अशा वेळी फोन ठेवून खाली जाऊन खात्री करावी.

रक्कम गेल्यास

येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. प्रथम कार्ड बंद करावे, बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्वरित कळविल्यास रक्कम पुढील खात्यातच रोखली जाण्याची शक्यता असते. त्यासाठी गावी परतण्याची वाट पाहू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व ठरवून दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसाच आदेश निघाला. बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे रक्कम गेली आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर काहीही बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास सर्वसाधारण बचत खात्यास ही जबाबदारी जास्तीत जास्त १०,००० रुपये. ग्राहकानेच पिन वा ओटीपी सांगितला असल्यास कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकण्यात आली. तीस दिवसांत बँकेने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

गावाचे काम

नियम अनुकूल असूनही अनेकांचे पैसे बुडतात, ते बहुधा संकोचामुळे. ‘लोक हसतील’ या भीतीने शिकलेली माणसेही गप्प राहतात आणि मोलाचे तीन दिवस निघून जातात. ही भीती घालविणे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या हाती आहे. यात्रेच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, १९३० हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर लिहावा, शाळेतील मुलांकडून तो घरोघरी पोहोचवावा. फसलेला माणूस अपराधी नाही, तो फिर्यादी आहे, एवढी जाण गावात रुजली तरी ठगांचे निम्मे बळ ओसरेल.