पुरस्कार म्हणजे पुढे करणे



आज बक्षीससमारंभ आहे, तेव्हा या शब्दांविषयीच थोडे बोलते. ‘इनाम’ मूळचा अरबी, ‘बक्षीस’ फारसी. दोन्हींत देणाऱ्याचा हात वर असतो. ‘पुरस्कार’ हा संस्कृत शब्द निराळा. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणे. म्हणून तर आपण एखाद्या मताचाही पुरस्कार करतो.

परमवीरचक्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९५० साली सुरू झालेल्या या ब्राँझच्या पदकावर इंद्राची चार वज्रे आहेत. ते चितारले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्म स्वित्झर्लंडमधला, सासर खानोलकरांचे. पदक सर्वांच्या तोंडी आहे. चितारणारीचे नाव किती जणींना माहीत आहे?

आपल्या मंडळातही पाककृतीला, रांगोळीला बक्षिसे मिळतात. पण वर्षभर हिशेब लिहिणारी, प्रत्येक सभेला सतरंज्या घालणारी व उचलणारी, तिचे नाव अहवालातसुद्धा येत नाही. तिला आणखी एक चषक नको. पुढील वर्धापनदिनी तिला व्यासपीठावर बसवावे, अहवाल तिने वाचावा. हा ठराव मी आजच्या सभेत मांडते. आपण अनुमोदन द्यावे, ही विनंती.