कानातली किरकिर आणि सोबतीचा आवाज



मळणीचा हंगाम उरकला की अनेकांची एक तक्रार कानावर येते. रात्री घरात निजानीज झाली की कानात रातकिड्यासारखी किरकिर सुरू होते. कुणाच्या कानात शिट्टी वाजते, तर कुणाला लांब इंजिन चालू असल्यासारखे वाटते. हा आवाज बाहेरचा की कानातला, हे ओळखायला दोन्ही कान बोटांनी बंद करावेत. बाहेरचा रातकिडा ऐकू येईनासा होतो, कानातला होत नाही. यालाच कर्णनाद म्हणतात. हा भ्रम नव्हे, वेडही नव्हे. मात्र झोपमोड झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मळणी यंत्रात पेंढ्या सारायच्या म्हणजे हाताशी खेळ आहे.

मळणी यंत्र, केबिन नसलेला ट्रॅक्टर यांचा आवाज पुष्कळदा ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसाला आठ तास सोसायची मर्यादा ८५ डेसिबल धरतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. त्यापुढे कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी मरू लागतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून संदेश कमी आला की मेंदू आपली ऐकण्याची धार वाढवतो, असे तज्ज्ञ मानतात. स्टेशन नीट लागेना म्हणून रेडिओचे बटण पिळावे आणि खरखरच मोठी व्हावी, तसा हा प्रकार.

म्हणूनच दारे-खिडक्या लावून शांततेत पडून राहणे हा उपाय नव्हे. कंदील दिवसा डोळ्यांत भरत नाही, अंधारात भरतो. झोपताना खोलीत मंद, एकसारखा आवाज ठेवावा. पंख्याची घरघर चालते. विहिरीची धार थारोळ्यात पडतानाचा आवाज मोबाईलवर भरून घेतला तर विकतचे काही लागत नाही, आणि वीज गेली तरी तो चालतो. फोन उशाजवळ ठेवावा, कानात नळ्या घालू नयेत. कानातली किरकिर पार बुडेल एवढा आवाज करू नये. तो किंचित खाली, दोन्ही ऐकू येतील असा असावा. जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलेल्या विचारावर ही पद्धत आधारलेली आहे. मेंदूला सवय व्हायला कित्येक महिने लागतात. किरकिर जाईलच असे नाही, पण तिचा जाच कमी होऊ शकतो. सगळ्यांना सारखाच गुण येतो असेही नाही. हमखास बंद करणारे औषध मात्र आजही नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्याला वाटेला लावावे.

ऐकूही कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी फायदा होतो. बाहेरचे आवाज पोहोचू लागले की किरकिर मागे पडते. काही वेळा कारण साधा मळ असतो. तो डॉक्टरांकडून काढावा. काडी, गरम तेल नको. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही कान वाजतात, म्हणून चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, कारण त्यावरच्या उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.

यंत्रावर काम करताना कापसाचा बोळा पुरत नाही. फोमची बुचे किंवा कानावरची टोपणे वापरावीत, आणि काम संपताच काढून ठेवावीत.