ओवीला व्यासपीठ लागले नाही

(मुळशी तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनुदान, अकादमी, नाट्यगृह यांच्याबाहेरची स्वतंत्र कला म्हटले की आपल्याला शहरातले प्रायोगिक नाटक आठवते. मुळशीत बोलताना मला मात्र जात्याबद्दल बोलायचे आहे.

पहाटे दोघी जात्याला बसायच्या. हात खुंट्यावर आणि तोंडात ओवी. समोर परीक्षक नव्हते, आणि घरातले पुरुष झोपलेले असायचे. आईकडून, आजीकडून, जावेकडून आलेली ओवी प्रत्येकजण आपल्या अनुभवाने बदलायची, तीत भर घालायची. नवा प्रयोग म्हणतात तो आणखी काय असतो? पण करणारीला अक्षरओळख नव्हती आणि तिचे काम दळणात जमा होत होते. म्हणून तिला कोणी कलावंत म्हटले नाही.

ओव्या गोळा करण्याचे काम साने गुरुजींनी केले, राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत सरोजिनी बाबर यांनीही केले. त्यांचे ऋण आहेच. मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यात 1980 च्या दशकात सुरू झालेल्या कामाची रीत मात्र वेगळी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्यासोबत गरीब डोंगरी संघटनेच्या बाया त्यात होत्या. ज्या बैठकीत रेशन, पाणी, नवऱ्याची मारहाण यांवर बोलणे व्हायचे, तिथेच ओव्याही निघायच्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. 2004 साली गी आणि 2010 साली हेमाताई गेल्या. 'परी' या ग्रामीण संग्रहाने त्या ओव्या लोकांसमोर आणण्याचे काम पुढे चालवले आहे.

नाव नोंदणे ही साधी गोष्ट नाही. टाटांच्या धरणाविरुद्धचा 1921 ते 1924 चा मुळशी सत्याग्रह आपण सेनापती बापटांच्या नावाने ओळखतो. त्यात बायाही होत्या. त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

आता अडचणीचा प्रश्न. जाते गेले याचे दुःख कोणी करू नये. ते कष्ट होते. खांदे भरून यायचे, झोप मोडायची. गिरणी आली ती चांगलीच झाली. पण दळणाबरोबर दोघींनी मोकळे बोलायची वेळही गेली. ती वेळ आपण परत मागितली नाही.

दुसरे असे की, आता ओवी मंचावर येते, नऊवारी नेसून, सजवलेल्या जात्याशेजारी. तिथे माहेर, भाऊराया, विठ्ठल एवढेच निवडले जाते. सासुरवास, सवत, मुलीचा नकोसा जन्म यांच्या ओव्या वगळल्या जातात. त्या पाहुण्यांना रुचत नाहीत. म्हणजे ज्या गाण्याला कधी कोणाची परवानगी लागली नव्हती, त्याला आता ती लागू लागली.

याचे उत्तर आपल्या चळवळीने एकदा दिले आहे. स्त्री मुक्ती संघटनेने 1983 साली ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' केले. त्यात लोकगीतांच्या चाली होत्या, पण आशय आपला होता. नेपथ्यावाचून ते अंगणातही उभे राहिले.

तेव्हा माझी सूचना एवढीच आहे. बचत गटाची बैठक असते. हप्ते झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. म्हाताऱ्या बायांना जुन्या ओव्या म्हणू द्या, तरुणींना नव्या रचू द्या. कर्ज, दारू, विकलेली जमीन, मुलीचे शिक्षण, सगळे त्यात येऊ द्या. वहीत ओवी उतरवताना म्हणणारीचे नाव तिला विचारून लिहा. आणि कोणी कार्यक्रमाला बोलावले, तर कोणत्या ओव्या म्हणायच्या हे त्यांनी नव्हे, आपण ठरवायचे.