पॅकेट हरवलं कुठे? लाइनवर की कॉपीत?

आजचा विषय क्लाउडमधल्या नेटवर्कचा. छोटी पॅकेट नीट पोचतात, मोठी मात्र गायब. का?

समजा, ३००० बाइटचा यूडीपी डेटा पाठवायचाय. १५०० च्या एमटीयूत तो मावत नाही, म्हणून त्याचे ३ तुकडे होतात. पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. आणि एक जरी तुकडा हरवला, तरी अख्खं पॅकेट बाद!

मग आपण ट्रॅफिक मिररिंग लावतो, म्हणजे ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या मशीनवर बघतो. कॉपीत तुकडे दिसले नाहीत की लगेच नेटवर्क टीमला फोन. जरा थांबा. कॉपीच अर्धवट असेल तर?

एक, फिल्टर बघा. तो पोर्टवर लावला असेल तर मागचे तुकडे गळू शकतात. तपासापुरता आयपी पत्त्यावर लावा.

दोन, एमटीयू. एडब्ल्यूएसवर कॉपी व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळली जाते. जागा पुरली नाही तर पॅकेटचं शेपूट कापलं जातं. आयपीव्ही४ असेल तर सोर्सचा एमटीयू टार्गेटपेक्षा ५४ बाइटने कमी ठेवा.

तीन, गर्दी. कोंडी झाली की खऱ्या ट्रॅफिकला आधी वाट मिळते, कॉपी टाकून दिली जाते.

आता खरा साक्षीदार. पॅकेट घेणाऱ्या लिनक्स मशीनवर 'एनस्टॅट' चालवा. तुकडे जुळल्याचा आकडा वाढतोय, फसल्याचा नाही? मग लाइन ठीक, दोष कॉपीत. फसल्याचा वाढतोय? मग खुशाल फोन करा, आता हातात पुरावा आहे.

भेटू पुढच्या भागात!