धमन्यांचा आकार, सीटी तंत्र आणि आरोग्यावरील खर्च



आरोग्यावरील खर्चाचा विचार करताना रोगनिदानाच्या टप्प्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. भारतात २०१६ मध्ये झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले, असा अंदाज आहे. यातील बरेच रुग्ण कमावत्या वयातील असल्याने हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही, तर कुटुंबाच्या मिळकतीचा आणि कर्जबाजारीपणाचाही ठरतो. सीटी तंत्राने होणाऱ्या हृदयधमन्यांच्या अभ्यासाकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्रण झाले. १९७९ मध्ये त्यांना व अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. मात्र हृदय सतत हलत असल्याने त्याचे चित्र अस्पष्ट येई. २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची वेगवान यंत्रे उपलब्ध झाल्यावर ही अडचण बव्हंशी दूर झाली. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन आता धमनीचा पोकळ मार्ग, तिची भिंत, वळणे व फाटे यांचे त्रिमितीय चित्र मिळते. त्यासाठी धमनीत नळी घालावी लागत नाही.

या चित्रांमुळे आकाराचे महत्त्व स्पष्ट झाले. उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल व तंबाखू यांचा परिणाम सर्व धमन्यांवर होतो. तरीही मेदाचे थर ठरावीक जागीच अधिक साचतात. फाट्याच्या बाहेरील भिंतीजवळ आणि वळणाच्या आतील बाजूस रक्तप्रवाह मंदावतो व भिंतीवरील घर्षणाचा ताण कमी होतो. तेथील आतील अस्तराचे कार्य बिघडून थर साचण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. डाव्या मुख्य धमनीच्या दोन शाखांमधील कोन मोठा असल्यास ही प्रवृत्ती वाढते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तथापि आकार हा प्रवृत्ती दर्शवितो, भवितव्य ठरवीत नाही.

अशा तपासणीने रुग्णाचे आयुष्य वाढते काय? स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट या ४,१४६ रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारगटात ३.९ टक्के, तर सीटी तपासणीची जोड दिलेल्या गटात २.३ टक्के होते. विशेष म्हणजे पाच वर्षांअखेर दोन्ही गटांतील अँजिओप्लास्टी व बायपासचे प्रमाण जवळपास सारखेच होते. सीटी गटात प्रतिबंधक औषधे अधिक रुग्णांना सुरू झाली. म्हणजेच यंत्र महागडे असले, तरी लाभाचा मोठा वाटा तुलनेने स्वस्त गोळ्यांनी दिला असावा. याउलट अमेरिकेतील प्रॉमिस चाचणीत (२०१५) सुमारे १०,००० रुग्णांमध्ये सीटी व ताणचाचणीसारख्या अन्य तपासण्या यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

भारतासाठी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. २०१७ मध्ये स्टेंटच्या कमाल किमती निश्चित करण्यात आल्या. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. परंतु तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. खाजगी केंद्रातील बाह्यरुग्ण तपासणीचा भार प्रायः कुटुंबावरच पडतो. शिवाय या तपासणीत क्ष-किरणांची मात्रा असते आणि आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडाच्या रुग्णास अपायकारक ठरू शकते. म्हणून लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी करणे समर्थनीय नाही. छातीत दुखते, पण निदान अनिश्चित आहे, अशा रुग्णासाठीच ती राखून ठेवणे इष्ट होय.

दुर्मीळ साधनांचे वाटप करताना प्राधान्यक्रम महत्त्वाचा असतो. रक्तदाब व साखरेची नियमित तपासणी, तंबाखूमुक्ती आणि औषधांचा अखंड पुरवठा ही प्राथमिक आरोग्य केंद्राची कामे प्रथम येतात. जिल्हा रुग्णालयात सीटी यंत्र बसविताना प्रशिक्षित तंत्रज्ञ, अहवाल वाचणारे तज्ज्ञ आणि देखभालीची तरतूदही आवश्यक आहे. अहवालानंतर रुग्णाला वर्षानुवर्षे औषध मिळाले नाही, तर धमनीचे सुस्पष्ट चित्रही त्याच्या फारसे उपयोगी पडणार नाही.