नेटका पोशाख

पुरुषांच्या पोशाखाचा विषय निघाला की आपली दृष्टी सहसा मुंबईच्या दुकानांकडे वळते. परंतु शहापूर व मुरबाड तालुक्यांतील जुन्या शेतकऱ्याच्या पेहरावात ऋतू, श्रम आणि प्रसंग यांना अनुरूप वस्त्र निवडण्याची जी जाण दिसते, तिलाच मी खरी अभिरुची मानतो. भाताच्या लावणीत लंगोटी आणि डोक्यावर पानांचे इरले, थंडीत खांद्यावर घोंगडी, आणि कचेरीत तारखेला किंवा लग्नकार्याला जायचे म्हणजे मात्र धुवट धोतर, बंडी आणि टोपी अथवा पागोटे, असा शिरस्ता होता. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही इथल्या लोकांच्या वेषाची नोंद सापडते.

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी म्हसोबाची यात्रा जनावरांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांसाठीही प्रसिद्ध आहे. घोंगडी घेताना जाणता माणूस रंग मागाहून पाहतो. आधी ती दोन्ही हातांनी ताणून विणीचा दाटपणा अजमावतो, आणि काठ चिमटीत धरून लोकर सुटते की काय हे पारखतो.

धोतराचेही तसेच: कापड जाडेभरडे का असेना, पण ते निळीच्या पाण्यातून काढलेले, निऱ्या सारख्या आणि काष्टा घट्ट असावा लागे.

आता शर्ट-पँट सर्वत्र रूढ झाली आहे, हे उचितच. तथापि आपल्या दमट हवेत घाम शोषते ते सुती कापड. तेव्हा पुढचा सदरा शिवताना सुतीच कापड घ्या, आणि बाहीची शिवण खांद्याच्या हाडावरच येते ना, एवढे शिंप्यासमोर उभे राहून तपासून घ्या.